‘कळवतो’ म्हणण्याआधी : बेळगाव भागात भरतीचं काम नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या गेटाजवळ सिमेंटचा बाक होता. बावीस वर्षांची असताना त्या बाकावर मी तीन सोमवार बसले. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात रात्री वस्तीला येणारी बस पहाटे साडेपाचला परत सुटायची, ती धरून यायची. पहिल्या सोमवारी मुलाखत झाली आणि ‘कळवतो’ म्हणाले. दुसऱ्या सोमवारी साहेब नव्हते. तिसऱ्या सोमवारी वॉचमननंच सांगितलं, ‘अक्का, ती जागा त्याच आठवड्यात भरली की ओ.’ तिन्ही वेळचं बसभाडं आईनं दुधाच्या पैशातून दिलं होतं.

पुढे मी स्वतःच भरतीच्या कामाला लागले. आधी एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे, नंतर मच्छेच्या बाजूला एका मशीन शॉपमध्ये. आणि पहिली दोन वर्षं मीही येईल त्याला ‘कळवतो’ म्हणूनच घरी पाठवलं. मग एका शनिवारच्या बाजारात भाजी घेताना एक बाई समोर उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे येऊन गेला होता. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, नाही म्हणून तर सांगायचं होतं की ओ. पुण्याला जाणार होता तो, तुमच्या फोनसाठी थांबला. ती जागाही गेली.’ मला त्या मुलाचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. त्या दिवसापासून मी काम करायची पद्धत बदलली. ती आज इथे लिहिते आहे.

नुकतेच एचआरमध्ये लागलेले, कॉन्ट्रॅक्टरकडे माणसं भरणारे सुपरवायझर, स्वतःच माणसं घेणारे छोट्या फाउंड्रीचे मालक, अशा सगळ्यांसाठी हे आहे. मोठ्या कंपन्यांत सॉफ्टवेअर असतं, पण खाली सांगितलेलं काम ते करत नाही.

हाताशी काय काय ठेवाल

- दोनशे पानी वही. प्रत्येक उमेदवाराला एक ओळ : नाव, गाव, फोन कोणाचा, कधी आले, उत्तर कधी द्यायचं ठरलं, उत्तर दिलं ती तारीख. शेवटचे दोन रकाने लाल पेनानं आखा.
- त्या जागेच्या पगाराचा तक्ता, एकूण, कपात आणि हातात असा फोडून लिहिलेला.
- ज्या भागातून माणसं येतात तिकडच्या बसच्या वेळा. वेबसाइटवर शोधत बसू नका, स्टँडवर जाऊन कंट्रोलरला विचारा.
- भिंतीवर मराठी दिनदर्शिका. कशाला ते चौथ्या पायरीत सांगते.
- मशीनचं काम असेल तर एक व्हर्निअर आणि एक मायक्रोमीटर (ही मापं घ्यायची साधनं), दोन-तीन तयार जॉब, म्हणजे मशीनवर केलेले भाग, आणि त्यांची ड्रॉइंग.

१. आधी स्वतः ती जागा बघून या

ज्या कामासाठी माणूस हवा आहे तिथे एक तास उभे राहा. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांची साफसफाई करायला, माणूस हवा असेल तर फेटलिंगलाच जा. कास्टिंगच्या कडा घासताना उडणारी धूळ, ग्राइंडरचा आवाज, एप्रिलमधला पत्र्याखालचा उकाडा, हे ऑफिसात बसून कळत नाही. किती वजन उचलायचं, उभ्यानं की बसून, पाण्याचा नळ कुठे, बायकांसाठी संडास किती लांब, तो रात्रपाळीत उघडा असतो का, हे लिहून आणा. उमेदवार हेच विचारणार असतो, फक्त लाजेनं विचारत नाही. म्हणून तुम्हीच सांगायचं.

बायकांसाठी संडास नसेल तर बायकांची भरती सुरू करण्याआधी मालकाशी भांडा.

२. जाहिरातीत आकडा, गाव आणि पाळी लिहा

‘आकर्षक पगार’, ‘नामांकित कंपनी’, ‘अनुभवास प्राधान्य’ या तीन शब्दांनी उमेदवाराला काहीच कळत नाही. मी अशी लिहिते (सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) :

‘सीएनसी ऑपरेटर, ४ जागा. काम मच्छे येथे. आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट, नवीन असला तरी चालेल. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. एकूण पगार महिना १८,००० रुपये, पीएफ आणि ईएसआय कापून हातात १६,०६५. रात्रपाळी सुटल्यावर पिरनवाडीपर्यंत गाडी. मुलाखत बुधवारी ११ ते ३. कोणालाही पैसे देऊ नयेत. उत्तर शनिवारपर्यंत सगळ्यांना मिळेल.’

एवढं लिहिल्यावर फोन कमी येतात, पण जे येतात ते खरोखर काम करायचं ठरवून येतात.

भाषेचं सांगते. गेटवरच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवी, हा कर्नाटकाचा नियम आहे आणि तो पाळायचाच. पण व्हॉट्सअॅपवर फिरणारी जाहिरात मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक, अशा दोन पूर्ण जाहिराती करा. येळ्ळूर-बिजगर्णीकडच्या मराठी शाळेत शिकलेल्या पोराला कन्नड बोलता येतं, वाचताना तो अडखळतो. गोकाककडच्या पोराचं मराठीच्या बाबतीत तेच. दोन्ही मजकूर पाठवण्याआधी ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. मशीननं केलेलं भाषांतर तसंच पुढे ढकलू नका. माझ्या डोळ्यांदेखत ‘शिफ्ट’चं ‘स्थलांतर’ झालं होतं आणि मुलं विचारत होती, कुठे जावं लागणार म्हणून.

आणि शिक्षण लिहिताना ‘दहावी किंवा एसएसएलसी’, ‘बारावी किंवा पीयूसी’ असं दोन्ही लिहा. चंदगड महाराष्ट्रात, तिथला मुलगा कोल्हापूर बोर्डाचा असतो. नुसतं ‘एसएसएलसी पास’ वाचून तो हे आपल्यासाठी नाही असं समजतो.

३. पगार सांगताना हातात किती पडतील ते सांगा

सगळ्यात जास्त माणसं पहिल्या पगारानंतर सोडून जातात, आणि त्याला बहुतेक वेळा भरती करणाराच जबाबदार असतो. कसं होतं बघा.

एकूण पगार १८,०००. त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००. पीएफ त्याच्यावर १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कामगाराच्या पगारातून जातात. ईएसआय एकूण पगारावर ०.७५ टक्के, म्हणजे १३५. हातात येतात १६,०६५. तेवढाच १,८०० पीएफ मालकही भरतो आणि ईएसआयचे ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ भरतो. मालकाच्या बाजूनं हिशोब होतो २०,३८५. आता नवीन रिक्रूटर काय करतो? जागा लवकर भरावी म्हणून फोनवर ‘वीस हजारांच्या वर’ सांगतो. पोरगा घरी वीस सांगतो. घरचे त्यावर सोसायटीचा हप्ता ठरवतात. महिना संपल्यावर खात्यात सोळा येतात, आणि पुढच्या सोमवारी तो पोरगा येत नाही. वर गावात सांगतो, त्या कंपनीत फसवतात. मग त्या गावातून पुढचे दोन वर्षं तुमच्याकडे कोणी येत नाही.

म्हणून तिन्ही आकडे कागदावर लिहून दाखवा : एकूण, कपात, हातात. कपातीत कॅन्टीन, गाडी, युनिफॉर्म काय असेल ते आजच सांगा. आणि कपात म्हणजे पैसे बुडाले असं नाही, हेही समजावून सांगा. ईएसआय कार्डावर घरच्यांचाही दवाखाना होतो, हे ऐकल्यावर १३५ रुपयांबद्दल कोणी तक्रार करत नाही. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू आहे. त्याच्या अगदी काठावरचा पगार असेल तर ते वेगळं सांगावं लागतं.

आपल्या भागातली एक खास अडचण इथेच लिहिते. वेंगुर्ले रस्त्यानं गेलं की शिनोळीची एमआयडीसी लागते. ती महाराष्ट्रात आहे. बेळगावात बसून तिथली माणसं भरणारे बरेच आहेत. किमान वेतन कामाच्या जागेच्या राज्याचं लागतं, माणूस कुठे राहतो त्यावर नाही. व्यवसाय करही तसाच. कर्नाटकात २५,००० च्या खाली पगार असला की व्यवसाय कर लागत नाही. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००. बायकांना मात्र तिथे २५,००० पर्यंत माफ आहे. म्हणजे एकाच गल्लीतले दोन मित्र, दोघांचा पगार १८,०००, एक मच्छेला आणि एक शिनोळीला, तरी दोघांच्या हातात वेगवेगळी रक्कम. हे आधी सांगितलं नाही की शिनोळीवाल्याला वाटतं कॉन्ट्रॅक्टरनं २०० खाल्ले.

अप्रेंटिस म्हणून घेत असाल तर ‘अप्रेंटिस’ हाच शब्द वापरा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तो शिकाऊ असतो, त्याला स्टायपेंड मिळतो. ‘लागला एकदाचा नोकरीला’ असं आईबापांना वाटू देणं आणि वर्षानं ‘मुदत संपली’ सांगणं, हे मी फार बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

४. बोलावताना बस आणि पंचांग बघा

सकाळी नऊची मुलाखत बेळगावातल्या माणसाला सोपी. कणकुंबी किंवा जांबोटीकडून येणाऱ्याला पावसाळ्यात ती जमतच नाही. अकरा ही चांगली वेळ. तीनच्या आत सगळ्यांना मोकळं करा, म्हणजे परतीची गाडी मिळते. वीस जणांना एकदम अकराला बोलावून शेवटच्याला चारला आत घेऊ नका. पाच-पाच जणांना वेळ वाटून द्या. फोनवर कुठे उतरायचं ते सांगा, कुठल्या गेटनं यायचं ते सांगा, जेवणाचा डबा आणायचा की नाही तेही सांगा. ज्यांना दुपारपर्यंत थांबवताय त्यांना कॅन्टीनमध्ये जेवण द्या. वीस जेवणांचा खर्च फार होत नाही.

रोजंदारी बुडवून माणूस येतो, हे विसरू नका. बसभाडं आणि बुडालेला रोज मिळून एका मुलाखतीला त्याचे पाच-सहाशे रुपये सहज जातात. म्हणून एका जागेसाठी एकच फेरी करा. मॅनेजरला भेटायचं असेल, टेस्ट असेल, मेडिकल असेल, सगळं त्याच दिवशी बसवा. ‘परवा परत या’ म्हणायची वेळ आली तर परवाचं भाडं कंपनीनं द्यावं, असा मी आमच्याकडे नियम करून घेतला. त्यानंतर मॅनेजर साहेबही वेळेवर बसायला लागले.

बायकांच्या बाबतीत अजून एक. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही. त्यामुळे खानापूर, हुक्केरीकडून रोज येऊन-जाऊन काम करणं पुष्कळ जणींना परवडायला लागलं. पण चंदगड तालुक्यातल्या बाईचं आधार महाराष्ट्राचं, तिला इथल्या बसमध्ये पूर्ण तिकीट. तिकडच्या एसटीत तिला अर्धं तिकीट असतं. ‘बस फुकटच आहे की’ असं सगळ्यांना सरसकट सांगू नका. महिन्याचा प्रवासखर्च प्रत्येकीबरोबर बसून काढा. आणि शेवटची बस किती वाजता, हे तिच्या आधी तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

दिनदर्शिका कशासाठी, तर अमावास्येला आपल्याकडे बरेच जण नवं काम धरत नाहीत. त्याला अंधश्रद्धा म्हणून वाद घालण्यापेक्षा रुजू व्हायची तारीख एक दिवस पुढे घ्या. गणपतीचा आठवडा, जुलैतली रोप लावणी, दिवाळीच्या पुढेमागे भाताची सुगी, गावची जत्रा, या दिवसांत मुलाखती लावल्या की निम्मे येत नाहीत आणि आपण म्हणतो, ‘पोरांना कामच नकोय.’ काम हवंय, पण शेतात बापाला माणूस मिळत नाही.

५. मुलाखत कामाच्या वस्तूवर घ्या, आणि माणसाला समजेल त्या भाषेत

आमच्याकडे एकदा सीएनसीसाठी एक मुलगा आला. कंग्राळीकडचा, आयटीआय नुकतंच झालेलं. साहेबांनी इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. तो उभा राहिला, नाव सांगितलं, पुढे शब्द येईना. कपाळावर घाम. साहेबांनी कागद उलटा ठेवला. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. ट्रेमधला एक शाफ्ट आणि व्हर्निअर त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं खिशातून रुमाल काढला. आधी शाफ्ट पुसला, मग व्हर्निअरचे दोन्ही जबडे पुसले. जबडे मिटवून उजेडाकडे धरले, शून्यावर शून्य येतंय का बघितलं. मग माप घेतलं. शाफ्ट हातात पाव वळसा फिरवून परत घेतलं. आणि त्याच अडखळणाऱ्या आवाजात पण मराठीत म्हणाला, ‘इकडून चोवीस पॉइंट शहाण्णव येतंय ओ, तिकडून चोवीस पॉइंट नव्वद. गोल नाही हे.’ तो शाफ्ट खरंच रिजेक्ट केलेला होता. तो मुलगा आज आमच्याकडे सेटर आहे, म्हणजे इतरांसाठी मशीन लावून देतो.

तेव्हापासून मी पहिली पंधरा मिनिटं बोलत नाही, काम देते. वेल्डरला दोन पट्ट्या, इलेक्ट्रिशियनला एक स्टार्टर, शिलाईच्या बाईला कापडाचा तुकडा, ऑफिसच्या मुलीला एक्सेलमधलं दहा ओळींचं बिल. हाताला काम लागलं की माणसाची भीती जाते आणि तो बोलायला लागतो.

भाषेबद्दल तीन गोष्टी.

पहिली, ‘कन्नड येते का?’ किंवा ‘मराठी येते का?’ असा मोघम प्रश्न विचारू नका. बोलता येते का, वाचता येते का, लिहिता येते का, हे वेगवेगळं विचारा, आणि कामाला जेवढं लागतं तेवढंच विचारा. लॉगबुक भरायचं असेल तर लिहिता यायला हवं. मोल्डिंगला माती भरायला कुठली लिपी लागते? मात्र भट्टीजवळचे सुरक्षेचे फलक कन्नड-इंग्रजीत असतील आणि माणसाला ते वाचता येत नसतील, तर पहिल्या दिवशी कोणीतरी त्याला ते वाचून, दाखवून समजावलेच पाहिजेत. ते नाव मुलाखतीतच ठरवून ठेवा.

दुसरी, सीमेचा प्रश्न १९५६ पासूनचा आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मुलाखतीच्या टेबलावर तो आणायचा नाही. ‘तुम्ही मराठी की कन्नड?’ असं विचारलं की समोरचा मनात हिशोब करायला लागतो, विचारणारा कोण असेल आणि काय बोललं तर बरं पडेल. त्यानंतर तो खरं काही बोलत नाही. ‘तुम्हाला कुठल्या भाषेत बोलायला सोपं जाईल?’ असं विचारा.

तिसरी, सगळ्यांना ‘तुम्ही’. इंजिनिअरला ‘बसा’ आणि आयटीआयच्या पोराला ‘बस रे’, हे चालणार नाही. वयानं मोठा माणूस हेल्परच्या कामासाठी आला असेल तर ‘मामा’ म्हणा, खुर्ची द्या. आपल्या भागात माणूस पगार विसरतो, अपमान विसरत नाही.

न विचारायच्या गोष्टी : लग्न कधी, मूल कधी, जात कोणती, नवऱ्याला चालेल का. रात्रपाळी जमेल का हे पुरुषालाही विचारा आणि बाईलाही, एकाच शब्दांत. तिनं ‘घरी विचारून सांगते’ म्हटलं तर एक दिवस द्या. आत्मविश्वास नाही असा त्याचा अर्थ काढू नका. एवढी मोठी गोष्ट कुठल्याही घरात विचारूनच ठरते.

६. कागदपत्रं : मुलाखतीला कमी, रुजू होताना नीट

मुलाखतीला बायोडेटा आणि मार्कलिस्टची झेरॉक्स पुरे. आधार, पॅन, पासबुक तेव्हा मागायचं काहीच कारण नाही. चाळीस जणांच्या आधारच्या झेरॉक्स ऑफिसच्या टेबलावर पडून राहतात आणि पुढे त्यांचं काय होतं कोणी बघत नाही. ओळख पटवायला लागलंच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात असं मास्क केलेलं आधार चालतं. उमेदवारांचे फोन नंबर आणि कागद दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं तर पूर्ण बंद करा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, आणि कायदा नसता तरी ते चुकीचंच.

निवड झाल्यावर ही यादी लिहून द्या :

- आधार आणि पॅन
- बँक पासबुकाचं पहिलं पान
- आधी कुठे काम केलं असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर
- आयटीआय किंवा डिप्लोमाचं सर्टिफिकेट
- दोन फोटो, आणि ईएसआयसाठी घरच्यांची माहिती
- वारस म्हणून कोणाचं नाव लावायचं ते

यादी देऊन काम संपत नाही. सगळे कागद एकाशेजारी एक मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. आपल्या भागात हा घोळ जवळपास प्रत्येकाचा आहे. मराठी नाव कन्नडमध्ये लिहिलं जातं, तिथून इंग्रजीत जातं. ‘सविता’च्या शेवटी एका कागदावर नुसता ‘टी’ असतो, दुसऱ्यावर ‘टी-एच’. ‘मारुती’चं तेच, ‘ज्योती’चं तेच. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर. लग्न झालेल्या बाईचं दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं.

आज हे कोणाला बोचत नाही. बोचतं ते पाच वर्षांनी. आमच्या जुन्या ऑफिसातल्या एका हेल्परला वडिलांच्या ऑपरेशनसाठी पीएफ काढायचा होता. एका ‘एच’साठी अर्ज परत आला. दुरुस्तीच्या जॉइंट डिक्लेरेशनवर, म्हणजे कामगार आणि मालक यांनी मिळून करायच्या अर्जावर, तेव्हा आधीच्या मालकाची सही लागायची, आणि तो कारखाना बंद पडलेला. स्वतःचेच पैसे, पण वेळेला मिळाले नाहीत. ते नाव भरताना मीच टाइप केलं होतं, मार्कलिस्ट बघून. आधार बघायला हवं होतं.

म्हणून : यूएएन आधारवरच्या नावानंच काढायचा. हल्ली त्यासाठी सरकारच्या उमंग अॅपवर चेहरा दाखवावा लागतो, ते ऑफिसातच बसवून करून द्या. आधीचा यूएएन असेल तर नवा काढू नका. नाव जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्तीला पाठवा, त्या दिवसाची सुट्टी धरू नका.

७. पैसे घेऊ नका, मूळ कागद ठेवून घेऊ नका

यावर जास्त लिहायचं नाही. नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून रुपयाही घ्यायचा नाही. ‘फॉर्मचे’, ‘युनिफॉर्मचे’, ‘डिपॉझिट’ म्हणूनही नाही. पहिल्या पगारातला अर्धा कापून घेणारे एजंट आहेत, त्यांच्याकडून माणसं घेऊ नका. मूळ सर्टिफिकेट बघायचं, झेरॉक्सशी ताडायचं, त्याच्यासमोर परत हातात द्यायचं. ‘सोडून जाऊ नये म्हणून’ मूळ मार्कलिस्ट कपाटात ठेवणारी ऑफिसं मी पाहिली आहेत. कोऱ्या कागदावर सही कधीही घेऊ नका. गल्फसाठी माणसं पाठवतो म्हणणाऱ्या कोणाबरोबर काम करायचं असेल तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आधी बघा.

८. उत्तर द्या, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांना

‘कळवतो’ हा शब्द तारखेशिवाय उच्चारायचा नाही. ‘शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवतो, नाही झालं तरी कळवतो’ असं पूर्ण वाक्य बोला, आणि त्याच्यासमोर वहीत तारीख लिहा.

निवड झालेल्यांना फोन करा. न झालेल्यांना मेसेज चालतो, पण त्यात कारण असावं आणि ते खरं असावं. मी असा पाठवते :

‘नमस्कार. बुधवारी तुम्ही सीएनसी ऑपरेटरच्या जागेसाठी आला होता. या वेळी निवड झालेली नाही. मापं तुम्ही बरोबर घेतली, ड्रॉइंग वाचण्यात कमी पडलं. दुसरीकडे काम मिळत असेल तर आमच्यासाठी थांबू नका. ड्रॉइंगचा सराव करून सहा महिन्यांनी पुन्हा आलात तर नक्की बघू.’

चाळीस मेसेज पाठवायला तास लागतो. शनिवारी दुपारचा तो तास मी कोणाला देत नाही. वर ठरलेलं नसेल, साहेब सही करत नसतील, तरी शनिवारी मेसेज जातोच : ‘अजून ठरलेलं नाही, बुधवारी सांगते.’ वेटिंगवर ठेवलेल्याला ‘वेटिंगवर आहात, तुमच्या आधी दोघे आहेत’ असं सांगा. दोघे आहेत कळलं की पुण्याला जायचं की थांबायचं, हे तो घरी बसून ठरवू शकतो.

एक काळजी घ्या. दिलेला नंबर पुष्कळदा वडिलांचा, भावाचा, कधी शेजारच्या दुकानाचा असतो. म्हणून वहीत ‘फोन कोणाचा’ हा रकाना आहे. नंबर त्याचा नसेल तर नापसंतीचं कारण त्यावर पाठवू नका, फक्त ‘त्यांना फोन करायला सांगा’ एवढंच. एका मुलीला नाही म्हटलेलं आधी तिच्या दिरानं वाचलं आणि घरात ‘सांगितलं होतं ना, जाऊ नकोस’ सुरू झालं. तिनं नंतर मला फोन करून सांगितलं, रडत.

९. रुजू झाल्यावर पंधरा दिवस

नियुक्तीपत्र पहिल्या दिवशी हातात द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम कायद्यांत प्रत्येक कामगाराला ते देणं बंधनकारक आहे, मग तो कॉन्ट्रॅक्टचा असला तरी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि काम सोडणाऱ्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हेही त्यातच आहे. पत्र इंग्रजीत असेल तर शेजारी बसून वाचून दाखवा. मुलाखतीत सांगितलेला आकडा आणि पत्रातला आकडा एकच आहे का, ते तुम्ही आधी बघा.

सुगीची रजा पहिल्याच दिवशी बोलून घ्या. ‘किती दिवस लागतील, कधीपासून?’ असं विचारलं की मुलं खरं सांगतात आणि ठरल्या दिवशी परत येतात. विचारलं नाही की न सांगता जातात, मग लाजेनं परत येत नाहीत, आणि दोन्हीकडचं नुकसान होतं.

पंधराव्या दिवशी स्वतः फोन करा किंवा डबा खायच्या वेळी शॉपमध्ये जा. तीन गोष्टी विचारा : सांगितलं होतं तसंच काम आहे का, बस वेळेवर मिळते का, डबा कोणाबरोबर खाता. तिसऱ्या प्रश्नाला ‘एकटाच’ असं उत्तर आलं तर त्याच्या गावाकडचा किंवा त्याच्या भाषेतला एखादा जुना माणूस शोधून त्याच्याशेजारी बसवा, त्याच दिवशी. उत्तरं वहीत त्याच्या ओळीपुढे लिहा, आणि पुढची जाहिरात लिहायला बसाल तेव्हा ते पान उघडून ठेवा.